न मागितलेली गाणी

लाइव्ह अल्बम ही मुळात धंद्याची सोय. गायकाला नवे काही सुचत नसते, कंपनीशी झालेल्या करारातली एखादी तबकडी द्यायची राहिलेली असते, किंवा दोन अल्बमांमधला लांबलेला काळ भरून काढायचा असतो. अशा वेळी त्याची गाजलेली गाणी भरल्या सभागृहात ध्वनिमुद्रित करायची, मधूनमधून टाळ्यांचा कडकडाट राहू द्यायचा आणि बाजारात आणायची. ऐकणाऱ्याचीही त्याला ना नसते. गाणे आधीच पाठ असते, त्याच्या जोडीला हजारो माणसांचा गलबला मिळतो आणि घरच्या खुर्चीत बसून आपणही तिथे होतो असे वाटू लागते. १९७० च्या दशकात या प्रकाराला बहर आला. पीटर फ्रॅम्पटनच्या चार स्टुडिओ अल्बमांनी त्याला फारसे काही मिळवून दिले नव्हते. १९७६ साली त्याचा पहिला लाइव्ह अल्बम आला आणि तो त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपला.

नील यंगने हा हिशेब तीन वर्षे आधीच धुडकावून लावला होता. कॅनडात जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात नाव काढलेल्या या गायकाचा स्वतःच्या नावावरचा पहिला लाइव्ह अल्बम ऑक्टोबर १९७३ मध्ये आला. ‘टाइम फेड्स अवे’ हे त्याचे नाव. आत आठ गाणी, आणि त्यांतले एकही आधी कुठल्या तबकडीवर आलेले नव्हते. ज्या गाण्यांसाठी लोकांनी तिकिटे काढली होती ती सगळी वगळलेली. वेष्टनावर गायकाचा चेहरासुद्धा नाही. जोएल बर्न्स्टाइनने फिलाडेल्फियाच्या स्पेक्ट्रम सभागृहात मंचावरून टिपलेली गर्दी आहे, आणि मंचाच्या कडेला पडलेले एक गुलाबाचे फूल. १९७३ च्या ज्या दौऱ्यात हा अल्बम मुद्रित झाला, त्यात यंगला रोज रात्री जे समोर दिसत होते, तेच त्याने श्रोत्यांना विकायला काढले.

माझी या अल्बमशी गाठ फार उशिरा पडली, कारण तो मिळतच नसे. यंगच्या ‘हार्वेस्ट’ची कॅसेट पुण्यात आमच्या गल्लीतल्या थोरल्या मुलांकडे होती. गिटार शिकणारा प्रत्येक जण तिच्यातल्या दोन गाण्यांवर बोटे घासून बसायचा आणि गॅदरिंगला तीच वाजवायचा. ‘टाइम फेड्स अवे’चे मात्र नुसते नाव वाचायला मिळे. त्याची सीडी निघालीच नव्हती. शेवटी एका मित्राच्या काकांनी अमेरिकेतून परतताना सामानात आणलेली जुनी एलपी ऐकायला मिळाली. वरच्या बाजूला ओरखडे होते, सुई अधूनमधून उडी मारायची. ‘हार्वेस्ट’ ज्याच्या कानात मुरला आहे त्याला हा तोच माणूस आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. आवाज ओढलेला, मधेच फाटणारा. गिटार सुरात आहे की नाही याची शंका यावी अशी. आणि गाणे संपले की टाळ्या पडतात त्याही जरा बुचकळ्यात पडल्यासारख्या.

या अल्बमकडे जाणारी वाट ‘हार्वेस्ट’वरूनच जाते. फेब्रुवारी १९७२ मध्ये आलेला तो अल्बम त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपला. त्यातले ‘हार्ट ऑफ गोल्ड’ तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मऊ आवाज, माउथ ऑर्गन, नॅशव्हिलच्या तालेवार वादकांची साथ. रेडिओला याहून सोयीचे दुसरे काही नव्हते. सव्वीस वर्षांचा यंग एकदम घरोघरीचा गायक झाला. पुढे आपल्या निवडक गाण्यांच्या संग्रहात त्याने लिहून ठेवले की या गाण्याने मला रस्त्याच्या मधोमध आणून सोडले, तिथे चालायचा कंटाळा आला आणि मी कडेच्या खड्ड्याकडे वळलो. हे नंतरचे शहाणपण. प्रत्यक्षात खड्ड्यात ढकलायला एक मृत्यू पुरेसा झाला.

१९७२ च्या शरद ऋतूत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आपल्या रँचवर त्याने मोठ्या दौऱ्याच्या तालमी सुरू केल्या. ‘स्ट्रे गेटर्स’ ही ‘हार्वेस्ट’मधलीच मंडळी सोबत होती. जॅक निच पियानोवर, बेन कीथ पेडल स्टील गिटारवर, टिम ड्रमंड बेसवर आणि केनी बट्री ड्रम्सवर. दुसरी गिटार वाजवायला आणि जोडीने गायला यंगने डॅनी व्हिटनला बोलावले. डॅनी म्हणजे ‘क्रेझी हॉर्स’ या त्याच्या जुन्या बँडचा कणा. रॉड स्टुअर्टने पुढे जगभर नेलेले ‘आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट’ हे गाणे मूळचे त्याचे. पण हेरॉइनने तो पोखरला गेला होता. तालमीत हात चालेना, गाणी ध्यानात राहीनात. यंगने अखेर पन्नास डॉलर आणि विमानाचे तिकीट त्याच्या हातावर ठेवून त्याला लॉस एंजेलिसला परत पाठवले. १८ नोव्हेंबर १९७२ च्या त्या रात्रीच डॅनी अतिसेवनाने गेला. त्याचे वय अवघे एकोणतीस होते.

ज्याने निर्णय घेतला त्याला या बातमीनंतर काय वाटले असेल, हे कल्पनेनेच समजून घ्यावे लागते. दौरा रद्द करता येत नव्हता. सभागृहे ठरली होती, तिकिटे विकली गेली होती. जानेवारी १९७३ मध्ये गाडी निघाली आणि तीन महिन्यांत साठेक कार्यक्रम झाले. सभागृहेसुद्धा साधी नव्हेत. बास्केटबॉल आणि आइस हॉकीसाठी बांधलेली, पंधरा-वीस हजार माणसे मावणारी. तिथे एकट्या गिटारवर म्हटलेले हळवे गाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या आधीच विरून जाई. त्यात मिळकतीच्या वाटणीवरून वादकांशी वाद झाला. यंग टकिला पिऊन मंचावर येऊ लागला. नेहमीची गिटार बाजूला ठेवून त्याने गिब्सनची ‘फ्लाइंग व्ही’ हाती घेतली होती, ती धड सुरात राहीना. बट्री मधेच सोडून गेला आणि त्याच्या जागी जॉनी बर्बाटा आला. घसा इतका बसला की शेवटच्या टप्प्यात डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश या जुन्या जोडीदारांना आवाजाला आधार द्यायला बोलवावे लागले.

२३ जानेवारीला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्यक्रम चालू असताना कुणीतरी यंगच्या हाती चिठ्ठी दिली. व्हिएतनाममधले युद्ध थांबवण्याचा समझोता झाल्याची बातमी तिच्यात होती. त्याने ती लोकांना सांगितली आणि सभागृह आनंदाने वेडे झाले. ३१ मार्चला ओकलंडमध्ये ‘सदर्न मॅन’ चालू असताना समोर एक पहारेकरी श्रोत्याला मारताना त्याला दिसला; गाणे तसेच टाकून तो मंचावरून निघून गेला. एकाच दौऱ्यातल्या या दोन रात्री. या दोन टोकांच्या मधे, बहुतेक रात्री, लोक एकाच गोष्टीची वाट पाहत बसलेले असत. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ कधी येणार?

चिठ्ठी म्हटली की आपल्याकडच्या मैफिलीची आठवण होते. सभागृहात यमनाची बढत निवांत चालू असते आणि तिसऱ्या रांगेतून घडी घातलेला कागद हळूच पुढे सरकतो. त्यावर अभंगाचे नाव असते. गायक तो वाचतो, हसतो, तबलजीकडे पाहतो. चांगला गायक चिठ्ठी पेटीखाली सरकवून राग पुरा करतो आणि मग अभंग म्हणतो. सगळे खूश होऊन घरी जातात. संगीत नाटकात तर ‘वन्स मोअर’ हा श्रोत्याचा हक्कच होता. बालगंधर्वांचे एकेक पद लोक पुनःपुन्हा म्हणवून घेत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. या देवाणघेवाणीत गोडवा आहे आणि मीही तिचा लाभार्थी आहे. पण तिची एक किंमत असते. एकदा जमलेले गाणे जन्मभर पुन्हा जमवून दाखवावे लागते. ज्या वयात, ज्या मनःस्थितीत ते सुचले तिथे गायक आता नसतो. श्रोता मात्र तिथेच मुक्काम ठोकून बसलेला असतो. लाइव्ह अल्बम हा बहुतेक वेळा या मुक्कामाचा करारनामा असतो. यंगने त्यावर सही करायचे नाकारले.

आता गाण्यांकडे वळू. शीर्षकगीत धावत्या लयीत सुटते. नशेने खंगलेली माणसे आणि मुलाने फार उशीर न करता घरी यावे म्हणून बजावणारा बाप त्यात आहेत. डॅनीचे नाव नाही, पण त्याच्याशिवाय हे गाणे सुचले नसते असे वाटत राहते. ‘एल.ए.’ या गाण्यात धुराने भरलेले आणि भूकंपाच्या वाटेवर उभे असलेले लॉस एंजेलिस आहे. ‘जर्नी थ्रू द पास्ट’, ‘लव्ह इन माइंड’ आणि ‘द ब्रिज’ ही तीन गाणी यंग एकटा पियानोवर बसून गातो. त्यांतले ‘लव्ह इन माइंड’ या दौऱ्यातले नाहीच. ते जानेवारी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या रॉइस हॉलमध्ये ध्वनिमुद्रित झालेले आहे. हार्वेस्टच्या आधीचा, डॅनी असतानाचा तो आवाज दोन गोंगाटी गाण्यांमध्ये येतो तेव्हा दोन वर्षांत या माणसाचे काय झाले ते बरोबर कळते. कुठे सांगावे लागत नाही.

या सगळ्यात ‘डोन्ट बी डिनाइड’ हे मला सर्वांत मोठे वाटते. ते सरळ आत्मचरित्र आहे. आईबापांची फारकत, आईबरोबर विनिपेगला जाणे, शाळेच्या मैदानात खाल्लेला मार, एका मित्रासोबत पाहिलेली गाण्याची स्वप्ने, मग कॅलिफोर्निया, मग पैसा आणि त्यातला पोकळपणा. डॅनीच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या या गाण्यात मृत्यूचा शब्दही नाही. स्वतःला नाकारू देऊ नकोस एवढेच ते पुन्हा पुन्हा बजावते. यंगचा आवाज वरच्या पट्टीत चढताना जागोजागी चिरतो. स्टुडिओत असता तर हा टेक रद्द झाला असता. इथे तो चिरलेला आवाजच आशय होऊन बसतो. दुबळ्या घशाने इतके ठाम काही म्हटले जात आहे, यातली ओढाताण कुठल्याही तयार गळ्याला साधणार नाही.

मग शेवटचे ‘लास्ट डान्स’. सुमारे नऊ मिनिटांचे. सोमवारी सकाळी उठून कामावर जाणाऱ्या माणसाला यंग आधी सांगतो की तुला तुझ्या मनासारखे जगता येईल. क्रॉस्बी आणि नॅश त्याला साथ देतात. बँड ओबडधोबड ताकदीने वाजत राहतो. आणि शेवटाकडे यंग त्याच आश्वासनाला ‘नाही, नाही’ म्हणत खोडून काढू लागतो. एकदा म्हणून थांबत नाही, म्हणतच राहतो. समोर हजारो माणसे उभी आहेत, त्यांनी पैसे मोजून सुखाची संध्याकाळ विकत घेतली आहे, आणि त्यांना निरोप देताना गायकाच्या तोंडी फक्त नकार आहे. तबकडी इथेच संपते.

सगळेच चांगले आहे असे मुळीच नाही. ‘यॉन्डर स्टँड्स द सिनर’ मला आजही अर्धे शिजलेले वाटते. काही ठिकाणी बँड एकत्र वाजवतो आहे की प्रत्येक जण आपापल्या घाईत आहे ते समजत नाही. फाटका आवाज म्हणजेच सच्चेपणा, असे समीकरण मांडणाऱ्यांपैकी मी नाही. बेसूर ते बेसूरच. रॉकवर लिहिणाऱ्यांना खडबडीतपणाचे एक प्रेम असते आणि त्या प्रेमात कच्चे कामही खपून जाते.

तरीही या अल्बमची नियत तपासायची असेल तर त्या काळातले इतर लाइव्ह अल्बम कसे तयार होत ते पाहावे. मैफिलीत चुकलेले सूर पुढे स्टुडिओत दुरुस्त करणे ही सर्रास रीत होती. ‘थिन लिझी’च्या १९७८ च्या गाजलेल्या लाइव्ह अल्बमविषयी त्याचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी सांगे की त्यातला मोठा भाग स्टुडिओत पुन्हा गाऊन-वाजवून घेतला आहे, बँडच्या माणसांना ते मान्य नव्हते, आणि वाद मिटला नाही. यंगने अशी डागडुजी टाळलीच, शिवाय परतीचा रस्ताही बंद करून घेतला. सोळा ट्रॅकवरचे ध्वनिमुद्रण आधी दोन ट्रॅकच्या मास्टर टेपवर उतरवायचे आणि त्यावरून तबकडी कापायची, ही नेहमीची पद्धत. इथे संगणकाच्या मदतीने मिश्रण करून ते थेट कापायच्या तबकडीवर उतरवले गेले. मधली टेप नाही, म्हणजे मागाहून बसून रंगसफेदी करायला जागाच नाही.

म्हणजे हा अल्बम निव्वळ सत्य आहे का? बरीच वर्षे तसे म्हटले जाई, आणि २०१९ साली ‘टस्कलूसा’ बाहेर येईपर्यंत त्याला उत्तरही नव्हते. टस्कलूसा हे अलाबामा राज्यातले विद्यापीठाचे गाव. याच दौऱ्यात ५ फेब्रुवारी १९७३ रोजी तिथे झालेल्या कार्यक्रमाचे हे ध्वनिमुद्रण. बट्री अजून ड्रम्सवर आहे. यंगचा आवाज स्वच्छ आहे. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ आहे, ‘ओल्ड मॅन’ आहे, आणि अलाबामाच्या लोकांसमोर उभे राहून त्यांच्याच राज्याला बोल लावणारे ‘अलाबामा’ही तो गातो. बँड जुळलेला, श्रोते खूश. म्हणजे त्या दौऱ्यात चांगल्या रात्रीही होत्या, त्या टेपवर होत्या, आणि त्या एकत्र करून ‘हार्वेस्ट’च्या पाठीवर सहज खपेल असा लाइव्ह अल्बम काढता आला असता. कंपनीने तर हार घालून त्याचे स्वागत केले असते.

यंगने त्या रात्री बाजूला ठेवल्या आणि मुख्यतः मार्चच्या, बसलेल्या घशाच्या रात्री निवडल्या. माझ्या मते या अल्बमविषयी कळीची गोष्ट हीच आहे. त्याची उदासी अपघाताने टेपवर आलेली नाही. ती निवडून, क्रमाने लावून मांडलेली आहे. गोड लाइव्ह अल्बम जसा संपादित असतो तसाच हाही संपादित आहे, फक्त कात्री उलट्या बाजूने चाललेली आहे. कागदपत्रासारखा दिसणारा हा ऐवज प्रत्यक्षात एक रचना आहे. तसे मानले की मग त्यातल्या फाटक्या जागांना माफी द्यावी लागत नाही. त्या तिथे का ठेवल्या, असे विचारता येते.

गमतीचा भाग असा की रचणाऱ्यालाच ती पुढे नकोशी झाली. १९८७ च्या एका मुलाखतीत यंगने याला आपला सर्वांत वाईट अल्बम म्हटले, आणि त्याच दमात, तेव्हा जे घडत होते त्याची नोंद म्हणून तो उत्तम असल्याचेही सांगितले. त्याचे सीडीवर यायचे राहिलेले काही जुने अल्बम २००३ साली आले, ‘ऑन द बीच’सुद्धा आला, हा मात्र बाहेर राहिला. चाहते मागण्या करत राहिले. ज्या अल्बमचा जन्मच श्रोत्यांची मागणी धुडकावून झाला, त्याच्यासाठी श्रोत्यांना इतकी वर्षे मागणी करावी लागली. अखेर २०१४ मध्ये तो पुन्हा एलपीवर आला आणि २०१७ मध्ये सीडीवर.

कलावंताला आपले काम मागे घेण्याचा हक्क असावा, हे मला तत्त्वतः मान्य आहे. एखाद्याला आपल्या आयुष्यातले सर्वांत वाईट तीन महिने दुकानात टांगलेले पाहायचे नसतील, तर त्याला कोण दोष देणार? पण स्वतःच्या कामाचा निवाडा करताना तो त्या कामाबरोबर त्या काळाचाही निवाडा करत असतो. यंगला ही गाणी ऐकताना रँचवरचा डॅनी दिसत असणार, टकिलाची बाटली दिसत असणार, पैशांची भांडणे ऐकू येत असणार. आपल्याला यातले काहीच सोसावे लागत नाही. आपल्याला फक्त गाणी ऐकू येतात, आणि म्हणून या बाबतीत त्याच्यापेक्षा आपला कान अधिक विश्वासाचा आहे. ‘लाइव्ह रस्ट’ हा त्याचा १९७९ चा लाइव्ह अल्बम सर्व अर्थांनी अधिक नेटका, अधिक दमदार आहे. पहिल्यांदा यंग ऐकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. पण लाइव्ह अल्बम म्हणजे काय होऊ शकते, याचे उत्तर हवे असेल तर मी ‘टाइम फेड्स अवे’कडेच बोट दाखवीन. गाजलेल्या गाण्यांचे पुनर्मुद्रण न करता, श्रोत्यांना न आवडण्याचा धोका पत्करून, गायक आज जिथे उभा आहे तिथूनच गाऊ शकतो, हे त्याने आपल्या पहिल्याच लाइव्ह अल्बमात करून दाखवले.

कुणाला ऐकून पाहायचे असेल तर आधी ‘टस्कलूसा’ ऐका आणि लगोलग हा. काय वगळले गेले ते त्याशिवाय उमजणार नाही. आणि पहिल्या दोन गाण्यांना कंटाळून उठू नका. ‘डोन्ट बी डिनाइड’ मागच्या बाजूला आहे.